घराचे अठ्ठेचाळीस हिस्से

श्रोतेहो, आमच्या बुलडाणा जिल्ह्यात सोयरिकीची बोलणी करायला पाहुणे आले की दोन गोष्टी हमखास विचारल्या जातात. शेतावर बोजा किती, आणि घर कसं आहे. शेतावरच्या बोजाची आता कोणाला लाज वाटत नाही. सातबाऱ्यावर सोसायटीचं पीककर्ज असणं म्हणजे घरात कोणाला तरी सर्दी असण्यासारखं झालं आहे. पण घराचा विषय निघाला की घरातलं म्हातारं माणूस पाठ सरळ करून बसतं आणि सांगतं, "घरावर एका पैशाचा बोजा नाही."

या वाक्याबद्दल आज मला बोलायचं आहे. बोजा नसलेलं घर तारण ठेवायचं आणि त्याच घराच्या दुरुस्तीसाठी कर्ज काढायचं, ही गोष्ट शहरात जुनी झाली. खेड्यात ती आत्ता आत्ता शक्य होऊ लागली आहे. आणि शक्य होताच तिने आमच्या घरांतल्या काही झाकल्या गोष्टी उघड्यावर आणल्या आहेत.

आधी हे कबूल करायला हवं की गावातली घरं बिनबोजाची राहिली ती केवळ आमच्या बापजाद्यांच्या काटकसरीमुळे नव्हे. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. असतो तो ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा. हा कर आकारणीचा कागद. घरपट्टी कोणाकडून वसूल करायची, एवढंच तो सांगतो. मालक कोण हे तो सिद्ध करत नाही. त्यामुळे बँकेच्या साहेबांपुढे हा उतारा ठेवला की साहेब तो वाचायचे आणि परत करायचे. घर होतं, आजोबा-पणजोबांपासून होतं, पण बँकेच्या लेखी ते नव्हतंच.

सावकाराच्या लेखी मात्र ते होतं. या व्यवहारासाठी मराठीत शब्दांची केवढी श्रीमंती आहे पाहा. घर आपल्याच ताब्यात ठेवून पैसे उचलले तर नजरगहाण. ताबा देऊन उचलले तर ताबेगहाण. ठरल्या मुदतीत पैसे दिले नाहीत तर घर त्याचं, असं लिहून दिलं तर मुदतखरेदी. आणि सगळ्यात वाईट प्रकार तो, ज्यात कर्ज तोंडी असतं आणि कागद सरळ खरेदीखताचा असतो. मालमत्ता हस्तांतरणाच्या १८८२ च्या कायद्यात १९२९ साली एक दुरुस्ती झाली. परत फिरवून देण्याची अट त्याच कागदात लिहिलेली नसेल तर तो व्यवहार मुदतखरेदीचं गहाण मानला जात नाही, असं ती दुरुस्ती सांगते. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांना 'त्याच कागदात' आणि 'दुसऱ्या कागदात' यातला फरक कोण समजावणार? वऱ्हाडात अशा तोंडी शब्दांवर पुष्कळांचं छप्पर गेलं. २०१४ च्या सावकारी नियमन कायद्यात अशा व्यवहारांची चौकशी जिल्हा उपनिबंधकांकडे मागता येते, एवढं सांगून मी तो विषय सोडतो, कारण माझी गोष्ट बँकेची आहे.

केंद्र सरकारची स्वामित्व योजना २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झाली. गावात माणसं आली, घराघरांच्या हद्दीवर चुन्याच्या रेघा आखल्या गेल्या, वरून ड्रोन फिरला, आणि गावठाणातल्या घरांची मालमत्ता पत्रकं तयार होऊ लागली. १८ जानेवारी २०२५ च्या एकाच दिवशी देशभरात पासष्ट लाखांहून अधिक पत्रकं वाटली गेली. या योजनेचा एक हेतू उघड सांगितला होता: गावातल्या माणसाला आपलं घर दाखवून कर्ज मिळावं. म्हणजे आजवर मुकं असलेलं घर आता बँकेत बोलू शकतं.

मी कविता लिहितो. घर हा शब्द मी आणि माझ्यासारख्यांनी इतका वापरला आहे की त्याच्या भिंतींचा रंग उडाला असेल. पण 'नमुना आठ' किंवा 'मालमत्ता पत्रक' हे शब्द अजून माझ्या कुठल्या कवितेत बसले नाहीत. ते बसत नाहीत म्हणूनच बहुधा मी हे भाषण करायला आलो आहे.

आमचं घर चिखली तालुक्यातल्या एका गावात. मातीच्या रुंद भिंती, सागाच्या कड्या, त्यावर किलचण, वर माती. याला आमच्याकडे धाब्याचं घर म्हणतात. दर वर्षी मिरगाच्या आधी गावातल्या पडक्या गढीची पांढरी माती आणून धाब्यावर पसरायची. ही माती पाण्याने फुगते, दबते आणि पाणी खाली येऊ देत नाही. पण गढीची माती संपत आली. धाब्यावर चढून दिवसभर घाम गाळणारी माणसं संपत आली. कड्यांना उधई लागली. गेल्या काही वर्षांत पाऊस येतो तोही असा की महिन्याभराचा एका रात्रीत. घराच्या मधल्या खोलीत पाच ठिकाणी भगुणी ठेवावी लागायची, आणि एका पावसाळ्यात मागच्या भिंतीचा एक पाखा खाली आला.

त्या घरात माझा धाकटा भाऊ, त्याची बायको, त्यांची तीन मुलं आणि आमची अम्मा राहतात. मी नोकरीमुळे बुलडाण्याला. मोठी बहीण, जिला आम्ही आपा म्हणतो, ती बाळापूरला. छोटी बहीण जाफराबादला. अब्बा २००९ साली वारले.

धाकट्याने मिस्त्री आणला. मिस्त्री म्हणाला, धाबं काढा, स्लॅब टाका. मग भिंती टिचकून पाहिल्या आणि म्हणाला, मातीच्या भिंतीवर स्लॅबचं ओझं बसत नाही, कॉलम घ्यावे लागतील. कॉलम घ्यायचे तर पाया खणावा लागेल. असं करत करत छताच्या दुरुस्तीचा हिशेब घर बांधण्याच्या हिशेबावर गेला. सहा लाख रुपये. जुन्या घराच्या दुरुस्तीत हे नेहमी होतं. एक खिळा काढायला जावं तर चौकट हातात येते.

सहा लाख कुठून आणायचे? शेत आधीच सोसायटीकडे. मालमत्ता पत्रक नवंकोरं होतं आणि घरावर एका पैशाचा बोजा नव्हता. धाकट्याने ते पत्रक एका बँकेत नेलं. बँकेने वकिलाकडे पाठवलं. वकिलाने शोध घेऊन यादी दिली: वडिलांचा मृत्यूचा दाखला, वारसांची नोंद, घरपट्टीच्या पावत्या, आणि शेवटी एक ओळ, 'आई व दोन्ही बहिणींचे नोंदणीकृत हक्कसोडपत्र.'

श्रोतेहो, बहुतेकांनी हा शब्द ऐकला असेल. आपला वडिलोपार्जित मालमत्तेतला हक्क आपण आपल्या भावाच्या लाभात सोडतो आहोत, असं लिहून देण्याचा हा कागद. नात्यातल्या नात्यात असा कागद करायला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कही नाममात्र आहे. पूर्वी दोनशे रुपये होतं, ऑक्टोबर २०२४ पासून पाचशे झालं. पाचशे रुपयांचा कागद, दुय्यम निबंधकाच्या कचेरीत अंगठ्यांचे ठसे, फोटो, दोन साक्षीदार. अर्ध्या दिवसाचं काम. "नुसती फॉर्मॅलिटी आहे," असं धाकटा म्हणाला. वकीलही तसंच म्हणाला. हा इंग्रजी शब्द खेड्यापाड्यात कसा रुजला ते मला माहीत नाही, पण जिथे जिथे तो ऐकू येतो तिथे कोणाचं तरी काही तरी जात असतं, असा माझा अनुभव आहे.

बहिणींना फोन करण्याचं काम माझ्याकडे आलं. फोन करण्याआधी मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. आमच्या शरियतच्या वाटणीप्रमाणे नवऱ्यामागे मुलंबाळं असतील तर बायकोला आठवा हिस्सा. उरलेल्यात मुलाला दोन तर मुलीला एक. म्हणजे आमच्या घराचे अठ्ठेचाळीस हिस्से पाडले तर अम्माचे सहा, आम्हा दोघा भावांचे चौदा-चौदा, दोघी बहिणींचे सात-सात. मुलीला मुलाच्या निम्मं का, यावर वाद घालणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांच्यात मीही बसतो. पण ते निम्मं तरी प्रत्यक्षात किती जणींच्या हातात पडतं, हा त्याच्या अलीकडचा प्रश्न आहे. आमच्या घरात अब्बा गेल्यापासून हा हिशेब कोणी कागदावर केला नव्हता. पत्रकावर अब्बांचं नाव, राहायला धाकटा, ईदला सगळे. चाललं होतं. बँकेच्या वकिलाने मागितलं म्हणून तो हिशेब करावा लागला.

छोटीला फोन केला. तिचा नवरा २०२१ च्या दुसऱ्या लाटेत गेला. दोन मुलं घेऊन ती भाड्याच्या दोन खोल्यांत राहते, शिवणकाम करते. ती लगेच म्हणाली, "भाईजान, कधी यायचं सांगा, सही करून जाते." एका शब्दानेही काही विचारलं नाही.

आपाचं घर सुखवस्तू आहे. मुलगा कमावता आहे. आमच्या गावातल्या मातीच्या घराच्या सात हिश्श्यांवाचून तिचं काही अडत नाही. तिने मात्र विचारलं, "हक्क सोडायचा तो कर्ज फिटेपर्यंत की कायमचा?" घरात आम्ही आमच्या वऱ्हाडी वळणाच्या उर्दूत बोलतो, इथे मी मराठीत सांगतो आहे. मी म्हणालो, कायमचा. ती म्हणाली, "मग कर्ज छताचं आहे की आमचं?"

त्या दोन फोननंतर मी बराच वेळ विचार करत राहिलो. जिला त्या घराच्या एका खोलीची कधी तरी खरोखर गरज पडू शकते, ती सही करायला एका पायावर तयार. जिला गरज नाही, ती प्रश्न विचारते. यात विचित्र काही नाही. छोटीला माहेरचा दरवाजा उघडा हवा आहे. हिस्सा मागितला तर दरवाजा बंद होईल, ही भीती तिला कोणी शिकवलेली नाही. ती तिने आजूबाजूला पाहिली आहे. हक्क सोडून ती भावाची मर्जी विकत घेते. फक्त मर्जी अशी वस्तू आहे की जिची नोंद दुय्यम निबंधकाकडे होत नाही. आज धाकटा आहे, उद्या त्याची मुलं असतील.

आणि आपाच्या प्रश्नात कायद्याची जी गोष्ट होती ती मला कुठल्या वकिलाने इतक्या साधेपणाने सांगितली नव्हती. कर्ज फिटलं की बोजा उतरतो. बँक दाखला देते, नोंद कमी होते, घर पुन्हा बिनबोजाचं. हक्कसोड उतरत नाही. दहा वर्षांनी धाकटा शेवटचा हप्ता भरेल तेव्हा घर मोकळं होईल, पण ते चौघांचं असलेलं घर मोकळं होणार नाही, दुसऱ्याच कुणाचं तरी घर मोकळं होईल. बहिणींचा हिस्सा बँकेने घेतला नाही, भावानेही मागितला नाही, असं सगळ्यांना वाटत राहील. आणि तरी तो गेलेला असेल.

हे फक्त मुसलमानांच्या घरचं आहे असं समजू नका. महाराष्ट्राने १९९४ साली हिंदू कुटुंबांतल्या मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतका हक्क दिला. २००५ साली तो देशभर झाला, आणि राहत्या घराची वाटणी मागायला मुलींना मनाई करणारं १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यातलं तेविसावं कलमही तेव्हाच गेलं. ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की २००५ च्या आधी वडील वारले असले तरी मुलीचा हा हक्क जात नाही. कायदा असा पुढे सरकत गेला तसतशी हक्कसोडपत्रांची गरज वाढत गेली. पूर्वी मुलीला हक्कच नव्हता, म्हणून सोडायला काही नव्हतं. माझे मराठा, माळी, वंजारी मित्र आहेत. घरदुरुस्तीच्या कर्जाचा विषय काढला की प्रत्येकाकडे एक हक्कसोडाची गोष्ट निघते. दर १२ जानेवारीला आम्ही लाखोंनी सिंदखेडराजाला जातो, जिजाऊंच्या माहेराला नमस्कार करतो. त्याच जिल्ह्यातल्या किती मालमत्ता पत्रकांवर लेकींची नावं आहेत, हे कोणी तरी एकदा मोजायला हवं.

आता थोडं कायद्याचं. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण ऐकणाऱ्यांत शेतकरी आणि मजूर पुष्कळ आहेत. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत साठावं कलम आहे. शेतकरी, मजूर किंवा घरकामगार ज्या घरात स्वतः राहतो ते घर साध्या पैशाच्या हुकूमनाम्यासाठी जप्त करता येत नाही, असं ते सांगते. म्हणजे तुम्ही दुकानदाराचं देणं लागत असाल आणि तो कोर्टात जिंकला, तरी त्याला तुमचं राहतं घर लिलावात काढता येत नाही. शंभराहून अधिक वर्षं ही ढाल आपल्या डोक्यावर आहे आणि आपल्याला तिची खबर नाही. पण तेच घर तुम्ही स्वतःच्या हाताने गहाण ठेवलंत, तर त्या गहाणाच्या वसुलीला ही ढाल आडवी येत नाही. ती तुम्हीच खाली ठेवलेली असते. दुसरी गोष्ट २००२ च्या सरफेसी कायद्याची. कर्ज थकीत झालं की बँक साठ दिवसांची नोटीस देते आणि पुढे दिवाणी कोर्टात न जाता तारणाचा ताबा घेऊ शकते. सहकारी बँकांनाही हा अधिकार आहे, यावर मे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केलं. या कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे. राहतं घर वगळलेलं नाही. पतसंस्थांची वसुली वेगळ्या वाटेने, सहकार कायद्याच्या एकशे एकाव्या कलमाच्या दाखल्याने होते, पण तीही जप्ती-लिलावापर्यंत जातेच. मी घाबरवत नाही. घर गहाण ठेवणं हा गुन्हा नाही आणि छप्पर गळत असताना कोणाला उपदेश करणं हे तर पापच. एवढंच म्हणतो की छत दुरुस्त करायला आपण छत तारण ठेवत नाही, भिंती, ओटा, अंगण आणि त्यातली सगळी माणसं तारण ठेवतो.

अम्माचा आक्षेप वेगळाच होता. तिने सहा हिस्से-बिस्से काही विचारलं नाही. ती म्हणाली, "सूद?" व्याज देणं-घेणं आमच्या धर्मात निषिद्ध, आणि अब्बांनी आयुष्यभर सोसायटीच्या पीककर्जापलीकडे कुठलं कर्ज घेतलं नव्हतं, तेही मान खाली घालून. यावर मी तिला काही पटवायला गेलो नाही. पण तारण ठेवण्याला आमच्यात मनाई नाही. कुराणात प्रवासात लिहिणारा कोणी मिळाला नाही तर तारण हाती द्यावं असं सांगितलं आहे. त्याचा अरबी शब्द रहन. जुन्या कागदांत रेहननामा म्हणून तो आपल्याकडेही सापडतो. आणि पैगंबरसाहेब वारले तेव्हा त्यांचं चिलखत एका यहुदी माणसाकडे जवाच्या बदल्यात तारण होतं, हे हदीसमध्ये नोंदलेलं आहे. मला त्या गोष्टीत नेहमी हे दिसतं की भूक भागवायला त्यांनी अंगावरून उतरवता येईल अशी वस्तू तारण ठेवली.

उतरवता येईल अशा वस्तू आमच्याकडेही असतात. सोनं असतं. बुलडाण्यात सोनेतारणाचा व्यवहार किती मोठा आहे ते बाजारपेठेतून एक चक्कर मारली की कळतं. पण सोनं कोणाचं? धाकट्याच्या बायकोचं. म्हणजे बहिणीचा हिस्सा नाही तर बायकोची पोत. पुरुषाच्या नावाच्या घराची दुरुस्ती फिरून फिरून बाईच्याच कशावर तरी येऊन टेकते. सोयाबीन असतं. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९० पासून आहे. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवला की त्याच्या किमतीच्या पाऊण हिश्श्यापर्यंत रक्कम सहा टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी मिळते. पण घर बांधायला सहा महिने हा काही काळ नव्हे.

शेवटी अंगणात बसून बोलणं झालं. आपा बाळापूरहून आली, छोटी आली. आपाचं म्हणणं सरळ होतं. हक्क सोडणार नाही. पण छत गळतं ते माझ्याही हिश्श्यावर गळतं, म्हणून कर्जाच्या कागदावर मालकीण म्हणून सही करीन. कायद्यात ही वाट आहेच. सगळे हिस्सेदार मिळून घर गहाण देऊ शकतात. हक्कसोडाची गरज राहत नाही. बँकांना ती आवडत नाही, कारण पाच जणांच्या सह्या, पाच जणांचे पत्ते, उद्या वसुलीला पाच दारं. पहिल्या बँकेने नाही म्हटलं. दुसऱ्या ठिकाणी एका जुन्या अधिकाऱ्याने वाचलं आणि मान हलवली.

मात्र यात एक गोष्ट झाली, जी कुणी ठरवली नव्हती. पाच जण मालक म्हणून बसले आणि प्रत्येकाने आकडा विचारला. सहा लाख, बारा टक्के, दहा वर्षं: महिन्याला साधारण आठ हजार सहाशे, एकूण दहा लाखांच्या वर. छोटी आत्तापर्यंत गप्प होती. ती शिवणकामाचा हिशेब करणारी बाई आहे. तिने विचारलं, "सोयाबीनचा भाव पडला त्या वर्षी हप्ता कोण भरणार? भाईजान भरतील?" तोपर्यंत हा प्रश्न कोणी काढला नव्हता, कारण एकट्या धाकट्याची सही असती तर तो एकट्या धाकट्याचाच प्रश्न होता. मग कॉलम गेले. मागची खोली आणि न्हाणी पक्की करायची, तिच्यावर स्लॅब टाकायचा, बाकीचं धाबं उतरवून जुन्या भिंतींवर लोखंडी अँगल आणि पत्रे. अडीच लाख, पाच वर्षं. हप्ता साडेपाच हजारांच्या आसपास, एकूण देणं तीन लाख तेहतीस हजारांच्या घरात. जो राहतो त्याने हप्ता भरायचा, दोन हप्ते चुकले तर बाकीच्यांना कळवायचं, असं एका साध्या कागदावर आपाच्या मुलाने लिहिलं आणि त्यावर सगळ्यांनी सह्या केल्या. बहिणींनी आपले चौदा हिस्से यात धोक्यात घातले, हे खरं आहे. पण कशासाठी आणि किती, हे त्यांना ठाऊक आहे.

धाकटा काही दिवस रुसला होता. त्याचं दुखणं मी समजू शकतो. दर पावसाळ्यात भगुणी त्याने ठेवली, अम्माला रात्री त्याने उठवून कोरड्या कोपऱ्यात हलवलं. आम्ही तिघं ईदला येणारे. हिश्श्याचं गणित या रात्री मोजत नाही, आणि मोजायला हवं असं मला वाटतं. पण त्यासाठीही आधी हिस्से कोणाचे किती ते मांडावंच लागतं. त्याला काय मिळावं यावर आमचं अजून बोलणं चालू आहे.

बँकेच्या कागदांवर सह्या झाल्या त्या दिवशी मूळ मालमत्ता पत्रक तिथे जमा झालं. ज्यांनी असं काही ठेवलं आहे त्यांच्यासाठी सांगतो: रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२३ च्या परिपत्रकाप्रमाणे कर्ज पूर्ण फिटल्यावर तीस दिवसांत मूळ कागद परत द्यायचे असतात आणि बोजाची नोंद काढायची असते, बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई. १ डिसेंबर २०२३ पासून हे लागू आहे. पतसंस्था सहकार खात्याच्या अखत्यारीत येतात, त्यांना हे परिपत्रक लागू नाही, म्हणून तिथे जमा केलेल्या प्रत्येक कागदाची पोच आणि यादी सही-शिक्क्यानिशी मागून घ्यावी. संकोच करू नये.

घराचं काम झालं. पत्र्याखाली उन्हाळा कडक जातो. अम्मा म्हणते, धाबं होतं तेव्हा दुपारी घरात घोंगडी लागायची. तिचं थोडं वाढवून सांगणं आहे, पण थोडंच. मागच्या पक्क्या खोलीत ती झोपते आणि पाऊस आला तरी आता कोणी तिला उठवत नाही.

कागदाचं एक काम मात्र राहिलं आहे. मालमत्ता पत्रकावर पाचही नावं चढवण्यासाठी आम्ही भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज दिला. चार जणांचे कागद बरोबर निघाले. छोटीच्या आधार कार्डावर नवऱ्याचं नाव आहे आणि अब्बांचं नाव कुठेच नाही, त्यामुळे ती अब्बांचीच मुलगी आहे हे दाखवणारा कागद त्यांनी मागितला आहे. तिच्या शाळेचा दाखला मिळतो का ते पाहायला आम्ही येत्या सोमवारी गावच्या शाळेत जाणार आहोत.